कशावर खरं सांगणार?

नाना,

आज सकाळी मी एका बाईला शपथ दिली. तुम्ही कोर्टात द्यायचात तीच, शब्दाला शब्द. मला तसा काडीचा अधिकार नाही. मी बसले होते आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, शेजारी निवडायला घेतलेली मेथी, आणि बाई होती दुसऱ्या देशात, लॅपटॉपच्या पडद्यावर, खिडकीकडे पाठ करून बसल्यामुळे निम्मी काळोखात. तुम्ही असतात तर चष्म्यावरून बघत विचारलं असतंत, "हे काय नाटक?" नाटकच म्हणा, रंगीत तालीम होती. खरी साक्ष आज दुपारी आहे, तिच्या गावच्या कोर्टात. ती होते की नाही हे कळेपर्यंत माझ्या हातून दुसरं काही व्हायचं नाही. मेथी तशीच पडलीय. म्हणून तुम्हाला लिहायला बसले. तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली, इतक्या वर्षांत तुम्हाला पत्र लिहावं असं कधी सुचलं नाही, आणि आज सुचलं तेही कोर्टाच्या कामापायी. हे तुम्हाला आवडेल.

मी काय काम करते हे बिल्डिंगमधल्या लोकांना अजून नीटसं कळलेलं नाही, तेव्हा तुम्हालाही सांगायला हवं. जगात जिथं थोड्या लोकांचा देव पुष्कळ लोकांना खुपतो, तिथल्या त्या थोड्यांच्या वतीनं बाहेरच्या देशांपुढे जाऊन बोलायचं, हे आमच्या संस्थेचं काम. संस्था लहान. कचेरी जिनिव्हाला, माणसं ठिकठिकाणी विखुरलेली, मी इथूनच, भिवंडीतून. मला घेतलं ते इंग्रजीसाठी नाही, इंग्रजी तिथं सगळ्यांनाच येतं. घेतलं ते माझ्या हिंदीसाठी, जिला तुम्ही जन्मभर "ना घर की ना घाट की" म्हणून हिणवलंत. निम्मी उर्दू, थोडी पूर्वेकडची, वर आपला मराठी हेल. पण ती लांबलांबच्या इतक्या लोकांना कळते की माझं मलाच नवल वाटतं. वर्षातून एकदोनदा तिकडे जाते. मोठं सभागृह, सगळ्या देशांचे राजदूत बसलेले, आणि आमच्यासारख्यांना बोलायला मिळतो तो वेळ लग्नात आहेराची नावं वाचायला लागतो त्याहून कमी. वेळ संपला की माइक आपोआप बंद. वाक्य अर्धं राहिलं तर राहिलं. पहिल्या वेळी माझं राहिलं, आणि मी बाहेर येऊन रागानं रडले. आता वाक्यं लहान करते.

बाकीचे दिवस इथंच. आपल्या गल्लीतले कापडाचे लूम आता थोडेच उरलेत. पुष्कळांनी मशीन भंगारात काढली आणि माणसं राहनाळच्या गोदामांत कामाला लागली. पण मागच्या बाजूचा एक कारखाना अजून चालतो, आणि मी कॉलवर बसले की त्याची खटखट थेट जिनिव्हापर्यंत जाते. तिकडची एक सहकारी सुरुवातीला घाबरून विचारायची, तुझ्याकडे सगळं ठीक आहे ना. मी म्हणायची, ठीक आहे बाई, शिफ्ट चालू आहे.

या बाईचा देश कुठला ते लिहीत नाही. तिचा धर्म कुठला, तिथं ज्यांची संख्या जास्त त्यांचा कुठला, तेही नाही. आमच्या कामात ही सवयच होते. नाव बाहेर पडलं की कुणाचं तरी दार ठोठावलं जातं. आणि तुम्ही विचारणार नाही हे मला ठाऊक आहे. तिच्या नवऱ्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान. शेजाऱ्याशी गटाराच्या पाण्यावरून भांडण झालं, आपल्याकडे रोज होतात तसंच. संध्याकाळी शेजाऱ्यानं तक्रार दिली की यानं आमच्या धर्माबद्दल वाईट शब्द काढले. तिथं तो गुन्हा आहे, आणि शिक्षा अशी की माणूस बाहेर आलाच तर म्हातारा होऊन येतो. नवरा तेव्हापासून तुरुंगात. भांडण झालं तेव्हा ही दारात उभी होती, हातात कणकेची परात. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत तिनं ऐकलं. गटार, पाणी, विटा आणि एकमेकांचे बाप, यापलीकडे कुणी काही काढलं नाही. हे सांगायला जगात ती एकटीच आहे.

आणि तेच तिला सांगता येत नव्हतं. त्या कोर्टात शपथ घ्यायची ती तिथल्या जास्त लोकांच्या देवाच्या नावानं, त्यांच्या पद्धतीनं. ती घेतली की माणूस त्यांच्यातला झाला असं धरतात. एकदा झाला की परत फिरायची सोय नाही, फिरला तर तो निराळा गुन्हा. म्हणजे बाईनं शपथ घेतली तर नवरा कदाचित सुटेल, पण ती स्वतः आपल्या माणसांची राहणार नाही, आणि मग पोरं कुणाची, हा नवा घोळ. नाही घेतली तर साक्षच नाही. पहिल्या तारखेला तिला शपथ घ्यायला सांगितलं, ती गप्प उभी राहिली. पुढच्या तारखेलाही तेच. कारकुनानं लिहून टाकलं की साक्षीदार शपथ घ्यायला तयार नाही, आणि तिला खाली उतरवलं. मला हे पहिल्यांदा सांगताना ती रडली वगैरे नाही. एवढंच विचारलंन, "तुमच्याकडे काय करतात?" आणि मला तुम्ही आठवलात, बेंच क्लार्कच्या खुर्चीवर बसलेले, पुढ्यात टाक-दौतीच्या काळापासूनचं ते टेबल.

शाळा सुटली की तुमच्याबरोबर घरी जायचं म्हणून मी कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसून असायचे. आत पट्टेवाला नावाचा पुकारा करतो, साक्षीदार पिंजऱ्यात चढतो, आणि तुम्ही उठून त्याला शपथ देता. तुमच्याकडे शपथा दोन. नाव कानावर पडलं की कुठली द्यायची ते तुमचं तोंडच ठरवायचं. एकाला "ईश्वरसाक्ष", दुसऱ्याला "खुदा को हाजिर-नाजिर जानकर". याचा तुम्हाला अभिमान होता. बाकीचे कारकून सरसकट सगळ्यांना ईश्वर वाटून मोकळे व्हायचे. तुम्ही म्हणायचात, ज्याचा देव त्याला द्यावा, आपल्या बापाचं काय जातं. दोन्ही शपथा तुम्हाला अगदी सुरात यायच्या, आणि उर्दूतली देताना तुमची मान जरा ताठ व्हायची.

मग एकदा एक लूमवाला आला. उत्तर प्रदेशातून आलेला, तिशीतला, अंगावर कापसाचा भुगा तसाच. त्याच्या कारखान्यात अंबाडीकडच्या एका कामगाराचा हात मशीनच्या पट्ट्यात गेला होता. मालक म्हणत होता, दारू पिऊन ड्युटीवर आला. हा सांगायला आला होता की पट्ट्यावरची जाळी मालकानंच काढायला लावली होती. तुम्ही त्याचं नाव ऐकलंत आणि सवयीनं सुरू केलंत, खुदा को हाजिर-नाजिर जानकर. तो म्हणाला, "साब, ये मैं नहीं बोल सकता. मैं नहीं मानता." तुम्हाला वाटलं, आपलं ऐकण्यात काही चुकलं, याला दुसरी हवी. तुम्ही ईश्वरसाक्ष सुरू केलंत. "वो भी नहीं मानता, साब." सगळं कोर्ट हसलं. मालकाच्या वकिलांनी उठून विचारलं, ज्याला देवाची भीती नाही त्याच्या शब्दाला किंमत काय. जज्जसाहेबांनी त्यांना बसवलं आणि तुम्हाला म्हणाले, सत्यप्रतिज्ञेवर घ्या, देवाचं नाव न घेता. कायद्यात ते होतंच, तुम्हालाही ठाऊक होतं, फक्त इतक्या वर्षांत ते कुणाला द्यायची वेळ आली नव्हती.

घरी येऊन तुम्ही ही गंमत आईला सांगितलीत. आई भाकरी थापतेय, तुम्ही दोन्ही आवाज काढून दाखवताय, आणि मी हसून हसून पाटावरून पडायच्या बेतात. पुढच्या तारखेला तो पुन्हा आला तेव्हा गंमत संपली. साक्षीच्या दिवशी मागच्या बाकावर त्याच्या गल्लीतले दोघं बसले होते. संध्याकाळपर्यंत ते बिस्सीत पोचलं. बिस्सी म्हणजे लूमवाल्यांची खानावळ, हे तुम्हाला कशाला सांगायला हवं, पण हाताला कामातली सवय लागलीय, सगळं समजावून लिहायची. तर बिस्सीवाल्या मावशीनं त्याचं ताट बाजूला काढलं, आणि खोलीतले म्हणाले, गावाला कळवू. हे त्यानं तुम्हाला व्हरांड्यात सांगितलं, चिडून नाही. तुमच्यावर राग नव्हताच त्याचा. म्हणाला, "आप पूछ लेते, साब. बाहर पूछ लेते. मैं धीरे से बोल देता." त्या रात्री तुम्ही जेवला नाहीत. आईनं दोनदा हाक मारली, मग ताटावर ताट झाकून ठेवलं.

त्या आठवड्यात तुम्ही आईला सांगितलंत की रविवारी एक माणूस जेवायला येईल. आई म्हणाली, कोण? तुम्ही म्हणालात, साक्षीदार. कुणाचा? तुम्ही म्हणालात, माझाच समज. मग तो दर रविवारी यायला लागला. दारात चपला इतक्या नीट जोडून ठेवायचा की आई म्हणायची, यांच्याकडून शिका जरा. शेजारच्या काकू उगाचच वाटी मागायला येऊन डोकावून गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी नळावर आईला म्हणाल्या, "ताटं तरी वेगळी ठेवता ना?" आई म्हणाली, "ठेवते ना, तुमचं वेगळं ठेवते." काकू महिनाभर बोलल्या नाहीत. आईला त्याचं काही वाटलं नाही, उलट नळावरचा वेळ वाचतो म्हणाली.

मी तेव्हा चौथी-पाचवीत असेन. मला तो माणूस म्हणजे एक कोडंच वाटायचा. एकदा जेवताना मी विचारलं, "काका, मग ईदला तुम्ही काय करता?" म्हणाला, "गाँव जाता हूँ, बेटा. टोपी पहनता हूँ, अम्मी के साथ सेवइयाँ खाता हूँ." मी म्हटलं, पण तुम्ही तर मानत नाही. तो म्हणाला, "टोपी अम्मी के वास्ते. अल्लाह को तो मालूम है, अम्मी को नहीं मालूम." तुम्ही इतके हसलात की ताक नाकात गेलं. आणि ठसका थांबल्यावर रागावलात ते माझ्यावर. "पाहुण्याची उलटतपासणी करायची नाही. माणसाला काय सांगायचंय ते विचारावं, तू कोण म्हणून विचारू नये." मला भयंकर राग आला होता. हसायला तुम्ही आणि बोलणी मला.

दिवाळीला त्यानं लूमवरच्या कोऱ्या कापडाचा एक मोठा तुकडा आणून दिला. आईनं ते कापड श्रीखंडाचा चक्का टांगायला घेतलं. पुढच्या वेळी त्यानं ते खुंटीला लोंबताना पाहिलं आणि म्हणाला, "भाभी, इतनी इज्जत तो हमारे सेठ ने भी नहीं दी इसको." हात गेलेल्या माणसाची केस पुढं तडजोडीत मिटली. खोलीतल्यांनी याला महिन्याभरातच परत घेतलं होतं, आणि गावाला काही कुणी कळवलं नाही. माणसं वाईट नव्हती, घाबरली होती. नंतर तो मालेगावला गेला आणि आपले रविवार सुने झाले. कापड मात्र आईनं विरेपर्यंत वापरलं.

तुमची रीत बदलली ती कायमची. पुकारा व्हायच्या आधी तुम्ही व्हरांड्यात यायचात, साक्षीदाराच्या शेजारी जाऊन उभे राहायचात आणि हळूच विचारायचात, "कशावर खरं सांगणार?" त्याला एकट्याला ऐकू जाईल एवढंच. तो सांगेल ती शपथ आत द्यायची. बाररूममध्ये वकील मंडळी तुमची टर उडवायची, काय हो, नवं कलम काढलंत म्हणे. तुम्ही हसायचात आणि पुढच्या साक्षीदाराकडे जायचात. अकलोलीकडचा एक म्हातारा मला आठवतो, बांधाच्या वादात आलेला. त्याला विचारलंत तर तो तुमच्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "खरं हाय ते हाय. त्याला टेकू न्हाय लागत." तुम्ही मान डोलावलीत आणि आत त्याला साधी प्रतिज्ञा दिलीत. दंगलीच्या केसेस चालायच्या त्या दिवसांत तुम्ही एकदा घरी येऊन म्हणालात, दोन्ही देवांच्या नावानं आज खोटं ऐकलं. आईनं विचारलं, मग कशाला विचारत बसता प्रत्येकाला? तुम्ही म्हणालात, "खोटं बोलायचं तर निदान ज्याच्या त्याच्या देवापुढं बोलू दे. माझ्यापायी कुणी बोलायला नको."

हे सगळं त्या बाईला सांगितलं नाही, फक्त एवढंच सांगितलं की आमच्याकडे विचारतात. निदान एक कारकून विचारायचा. मग आमची संस्था कामाला लागली. सगळ्यांचं म्हणणं पडलं की तो कायदाच रद्द करा अशी मागणी करायची. मागणी चुकीची नव्हती, मीही त्यावर सही केली. पण त्याला उत्तर येईपर्यंत आम्ही सगळे निवृत्त होऊ आणि तो बिचारा सायकलवाला आतच राहील. आमच्यातले एक वयस्कर गृहस्थ आहेत, भला माणूस, आयुष्य या कामात घातलेला. ते कॉलवर म्हणाले, बाईनं ती शपथ म्हणून टाकावी, शब्दच तर आहेत, नवरा सुटला की सगळ्यांना देशाबाहेर काढू. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "शब्दच आहेत तर कोर्टाला ते का हवेत?" मागचे लूम तेवढे वाजत राहिले.

मग मी तिथल्या वकिलाला विचारलं, जो जीव मुठीत धरून ही केस चालवतोय, की तुमच्या कायद्यात साधी प्रतिज्ञा आहे का. त्यानं शोधलं. होती. जुन्या कायद्यातली एक ओळ. कुणी ती काढून टाकायचे कष्ट घेतले नव्हते आणि कुणी वापरलीही नव्हती. आपल्या कोर्टासारखंच, कायद्यात होतं, पण विचारत कुणी नव्हतं. तेव्हा मला कळलं की आपण मागायचं काय. जिनिव्हाला प्रत्येक देशाला काही वर्षांनी सगळ्यांसमोर बसून उत्तरं द्यावी लागतात. त्या देशाची पाळी आली होती. मी आठवडाभर राजदूतांच्या मागे फिरले, कुणाला जिन्यात गाठलं, कुणाला कॉफीच्या रांगेत. भाषण करू नका, दोष देऊ नका, एकच प्रश्न विचारा, तुमच्या कोर्टात साक्षीदाराला साध्या प्रतिज्ञेवर साक्ष देता येते का. बहुतेकांनी कार्ड दिलं आणि सटकले. एका चिमुकल्या देशाची एक तरुण बाई तेवढी थांबली. तिनं विचारलं, एवढंच? मी म्हटलं, एवढंच. आणि तिनं तो भर सभेत विचारला. त्या देशाचे मंत्री जरा दुखावल्यासारखे झाले, आणि ऐटीत म्हणाले, "अर्थात. आमच्या कायद्यात तशी तरतूद आहेच." नाना, तो "अर्थात" ऐकून मी मागच्या रांगेत बसल्या जागी डोळे मिटले. त्यांच्या मंत्र्याचं जगासमोरचं ते बोलणं वकिलानं कोर्टापुढं ठेवलं. आता कोर्टाला नाही म्हणायचं तर मंत्री खोटे पडतात. तारीख मिळाली ती आजची.

सकाळी बाईचा कॉल आला. म्हणाली, माझ्याकडून एकदा म्हणून घ्या. आजवर त्या पिंजऱ्यात उभं राहून मी फक्त गप्प राहिलेय, आज ऐन वेळी तोंड उघडलं नाही तर? मी मेथी बाजूला सारली. उभीच राहिले, का कोण जाणे, तुम्ही उठायचात म्हणून असेल. आणि आधी तुमचा प्रश्न विचारला, कशावर खरं सांगणार? तिच्या भाषेत तो जरा लांबला. तिला वाटलं हा शपथेचाच भाग आहे. थोडा विचार करून म्हणाली, "मी दारात उभी होते. त्यावर." मग तुमची प्रतिज्ञा तिच्याकडून म्हणून घेतली, खरं सांगेन, सगळं सांगेन, खऱ्याशिवाय काही सांगणार नाही. पहिल्या वेळी ती मध्येच अडली. दुसऱ्या वेळी सरळ म्हटलीन.

कॉल बंद करायच्या आधी तिनं मला विचारलं, "तुम्ही माझ्या जागी असतात, तर म्हटली असतीत ती त्यांच्या देवाची शपथ?" आताच तर तिच्याकडून खरं बोलायची प्रतिज्ञा घेतली होती, मी कशी खोटं बोलणार. म्हटलं, हो. माझ्या वडिलांसाठी म्हटली असती. तिला राग येईल असं वाटलं. ती हसली. म्हणाली, मीही पुष्कळदा ठरवलं, म्हणून टाकू. पण तो घरी येईल आणि विचारेल, मला सोडवायला काय दिलंस? त्याला मी काय सांगू? त्याला खोटं सांगता येत नाही मला, तो लगेच ओळखतो. मी तिला म्हटलं, पोटभर खाऊन जा. आईचं बोलणं तेवढं ऐन वेळी उपयोगी पडतं.

इथवर लिहिलं आणि वकिलाचा निरोप आला. झाली. पूर्ण साक्ष झाली. गटारापासून विटांपर्यंत सगळं तिनं सांगितलं, उलटतपासणीत हलली नाही. वकिलानं लिहिलंय की कारकुनानं तिला कशी शपथ घेणार म्हणून विचारलं, मान वर न करता, त्रासल्या आवाजात, पण विचारलं. निकाल अजून लांब आहे. नवरा अजून आतच आहे, आणि तो सुटेलच असं छातीवर हात ठेवून मी सांगू शकत नाही. पण तिला जे सांगायचं होतं ते आता त्या कोर्टात लिहिलेलं आहे, आणि ती जशी आत गेली तशीच, तीच राहून, बाहेर आलीय. मी इथं टेबलाशी बसून ढसाढसा रडले. मागचे लूमही आत्ता बंद आहेत, वीज गेलीय, त्यामुळे माझा मलाच आवाज ऐकू आला.

आता माझं. तुम्ही पिंजऱ्यात चढणाऱ्या प्रत्येकाला विचारलंत, नाना. अकलोलीच्या म्हाताऱ्यालाही विचारलंत. मला कधी विचारलं नाहीत. मी तुमच्या घरातली, तुमच्या आडनावाची, तेव्हा माझी शपथ कुठली ते तुमच्या तोंडानं आधीच ठरवून टाकलं होतं, त्या लूमवाल्याची ठरवली तशीच. मी मानत नाही. कॉलेजात होते तेव्हापासून. ज्यांच्यासाठी दिवसभर भांडते त्यांच्या देवाला नाही, आणि आपल्या देव्हाऱ्यातल्यालाही नाही. आईला ठाऊक होतं. ती म्हणाली होती, नानांना सांगू नकोस, आरतीला टाळ्या वाजवत जा. वाजवल्या. तुमच्यावर राग नाही. म्हणजे थोडा आहे. तुम्ही व्हरांड्यात येऊन एकदा हळूच विचारलं असतंत, तर मी हळूच सांगितलं असतं.

हे पत्र काही कुठं जायचं नाही. देव्हाऱ्याखालच्या फडताळात ठेवीन, तुमच्या चष्म्याच्या घरापाशी. दिवेलागण व्हायला आली, मेथी अजून निवडायचीय, आणि त्याआधी दिवा लावायचाय. तो मी रोज लावते, तुमच्या वेळेला, तुमच्याच निरांजनात, तुम्ही गेल्यापासून. तो तुमच्यासाठी. देवाला माहीत आहे. तुम्हाला माहीत नव्हतं, म्हणून आज सांगितलं.